हंसपद कुठे ठेवायचं?

फोनवर मेसेज लिहिताना मधलाच एखादा शब्द चुकलेला दिसला, की आपण त्यावर बोट टेकवतो आणि तिथे एक उभी रेघ लुकलुकायला लागते. ती शब्दाच्या पुढे उभी राहिली की मागे, एवढीच आपली तिच्याबद्दलची तक्रार. एरवी ती आपल्या नजरेतही येत नाही. पण ज्याला ती रेघ स्वतः काढावी लागते, त्याच्यासमोर एक प्रश्न सतत असतो: आत्ता या क्षणी ही रेघ डावीकडून नेमकी कितव्या पिक्सेलवर उभी करायची?

मी गेम्स लिहितो. नेहमीचं अ‍ॅप बनवणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण मजकुराची तयार चौकट, कर्सरसकट, त्याला ऑपरेटिंग सिस्टीमकडून मिळते. गेममध्ये स्क्रीन बहुतेक वेळा कोरी मिळते. सेकंदाला ६० वेळा ती पुसायची आणि ६० वेळा पुन्हा भरायची. भिंत, पात्र, पाऊस, अक्षरं आणि ती लुकलुकणारी रेघ, सगळं आपणच काढायचं. गेममध्ये टाइप करायची सोय असली, की रेघेची जबाबदारी आपली.

या रेघेला इंग्रजीत दोन नावं आहेत आणि दोन्ही लॅटिनमधून आली आहेत. कर्सर म्हणजे धावणारा. पूर्वी इंजिनियर लोक गणितासाठी स्लाइड रूल वापरायचे, त्यावर सरकणाऱ्या पारदर्शक पट्टीलाही कर्सरच म्हणत. दुसरं नाव कॅरेट, म्हणजे ‘इथे काहीतरी उणं आहे’. लिहिताना शब्द राहून गेला तर ओळीत खालून छोटं टोक काढून वर तो शब्द लिहितात, ती खूण. मराठीत तिला हंसपद म्हणतात, काही जण काकपद म्हणतात. शाळेत विरामचिन्हांच्या यादीत शेवटी कुठेतरी हे नाव असायचं आणि परीक्षेत कधी विचारलं जायचं नाही. मला मात्र ‘कर्सर’पेक्षा हे नाव जास्त खरं वाटतं. पुढचं अक्षर कुठे येऊन बसणार आहे, ती जागा म्हणजे हंसपद.

*

जागा मोजायची सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे चौकटीची वही. प्राथमिक शाळेत गणितासाठी जी असते तीच. एका चौकटीत एकच अंक. चौथा अंक कुठे आहे हे शोधायला अंक वाचावे लागत नाहीत, चौकटी मोजल्या की झालं. मोनोस्पेस फॉन्ट म्हणजे अक्षरांची चौकटीची वही. त्यात इंग्रजीचा बारीक आय आणि ऐसपैस एम दोघांना सारखीच रुंदी मिळते. आय बिचारा पाय पसरून बसतो, एम अंग चोरून.

ही सक्ती सौंदर्यासाठी आलेली नाही. टाइपरायटरमध्ये कळ दाबली की कॅरेज एक ठरावीक पाऊल सरकतं. अक्षर कुठलं होतं ते कॅरेजला माहीत नसतं. हीच शिस्त पुढे कॉम्प्युटरच्या पडद्यावर आली. १९८१ च्या आयबीएम पीसीचं मोनोक्रोम डिस्प्ले कार्ड घ्या. त्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळी. प्रत्येक चौकट ९ पिक्सेल रुंद, १४ पिक्सेल उंच. गुणाकार करून पाहा: ७२० बाय ३५०, बरोबर पडद्याचा आकार. एक पिक्सेल इकडचा तिकडे नाही. तिथे कर्सर काढायचं काम प्रोग्रॅमरकडे नव्हतंच. ६८४५ नावाची चिप ते करायची. तिला फक्त चौकटीचा क्रमांक सांगायचा: ओळ गुणिले ८०, अधिक स्तंभ.

गेम्सनी या वहीचा भरपूर फायदा उठवला. १९८० च्या सुमारास आलेल्या ‘रोग’ या गेममध्ये अख्खं तळघर अक्षरांचं होतं. भिंती म्हणजे आडव्या-उभ्या रेघा, राक्षस म्हणजे इंग्रजीची मोठी अक्षरं आणि खेळाडू म्हणजे ईमेलच्या पत्त्यात असतं ते ‘अ‍ॅट’चं चिन्ह. पडद्यावर हव्या त्या चौकटीत अक्षर ठेवण्यासाठी ‘कर्सेस’ नावाची लायब्ररी होती. नावात शिव्याशाप आहेत आणि कर्सरही आहे. या गेम्समध्ये मजकूर आणि खेळाचा पट या दोन वेगळ्या गोष्टीच नव्हत्या. अक्षराची जागा म्हणजे पात्राची जागा.

आमचा गेम या परंपरेतला. आम्ही तिघं: लिहिणारी एक मैत्रीण, चित्रं काढणारा एक मित्र आणि कोडचं बघणारा मी. गोष्ट १९८० च्या दशकाच्या शेवटची. एका तालुक्याच्या कचेरीतला जुना कारकून अचानक दिसेनासा झालाय आणि त्याच्या टर्मिनलवर त्यानं लिहून ठेवलेल्या नोंदी तुम्हाला वाचायच्या आहेत. त्यात दुरुस्त्या करायच्या, प्रश्न टाइप करायचे, उत्तरं शोधायची. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं आणि लुकलुकणारा ठोकळा. खेळणाऱ्याचा जवळपास सगळा वेळ त्या ठोकळ्यासोबत जाणार होता.

*

आधी इंग्रजी आवृत्ती केली, कारण डेमो ज्यांना दाखवायचा होता ते परदेशात होते. सूत्र एका ओळीचं:

कर्सरची जागा = डावी कड + (स्तंभ × एका अक्षराची रुंदी)

यात चुकण्यासारखं काय आहे, असं कुणालाही वाटेल. छोट्या शब्दांवर सगळं नीट चालतही होतं. पण लांब ओळ टाइप केली की ठोकळा हळूहळू मागे पडायचा. दहाव्या अक्षराशी किंचित, चाळिसाव्या अक्षराशी चांगलाच.

कारण दशांशात होतं. फॉन्टमध्ये अक्षराची रुंदी पिक्सेलमध्ये लिहिलेली नसते, ती एका काल्पनिक चौरसाच्या प्रमाणात लिहिलेली असते. कुरियर न्यू घ्या. त्याचा चौरस २०४८ एककांचा आणि प्रत्येक अक्षर १२२९ एककं रुंद. फॉन्टचा आकार १६ पिक्सेल ठेवला तर एका अक्षराची रुंदी येते साधारण ९.६ पिक्सेल. आता अक्षरं रेखीव दिसावीत म्हणून ती काढणारी लायब्ररी दर अक्षराला पूर्ण १० पिक्सेल पुढे सरकत होती. कर्सरचं सूत्र मात्र इमानदारीत ९.६ नं गुणत होतं. तिसऱ्या अक्षरानंतर फरक १.२ पिक्सेल, कुणाला दिसणार? चाळिसाव्या अक्षरानंतर एकीकडे ४००, दुसरीकडे ३८४. म्हणजे १६ पिक्सेल, दीड अक्षरापेक्षा जास्त. ऐंशीव्या अक्षरापर्यंत तीन अक्षरांची दरी. दोन्ही बाजूंचं गणित आपापल्या जागी बरोबर होतं. ते एकमेकांशी बोलत नव्हते, इतकंच.

उपाय सोपा निघाला. रुंदी एकाच ठिकाणी ठरवायची आणि अक्षरं काढणाऱ्यानं आणि कर्सर काढणाऱ्यानं दोघांनी तिथेच येऊन विचारायचं. दोघांचा पाणवठा एक हवा. या कामातून मी एकच नियम घेऊन निघालो असेन तर तो हा, आणि पुढे मराठीच्या वेळी त्यानंच तारलं.

बाकी बारीकसारीक गोष्टी खूप. माउसनं क्लिक केल्यावर अंतराला रुंदीनं भागायचं, पण उत्तराचा अपूर्णांक सरळ छाटायचा नाही, जवळच्या पूर्णांकाला न्यायचा. म्हणजे अक्षराच्या उजव्या अर्ध्या भागावर क्लिक केलं तर कर्सर त्या अक्षरानंतर जातो. माणसाचा हेतू तोच असतो. दहा अक्षरांच्या ओळीत कर्सरला अकरा जागा असतात, हे विसरून चालत नाही. टॅब दाबलं की पुढच्या आठाच्या पाढ्यावर उडी. लुकलुकण्याचा वेग फ्रेमवर अवलंबून ठेवायचा नाही, घड्याळावर ठेवायचा, नाहीतर महागड्या मशीनवर कर्सरला फेफरं येतं. विंडोजमध्ये नेहमीचा वेग ५३० मिलिसेकंदांचा असतो, आम्ही तोच घेतला. आणि कुठलीही कळ दाबली की लुकलुक पहिल्यापासून सुरू करायची, म्हणजे सरकताना कर्सर कायम दिसत राहतो.

एक त्रास खास आपल्याकडचा. आमचा पडदा आतून ३२० बाय १८० चा होता आणि मग तो मोठा करून दाखवायचा. १९२० बाय १०८० वर बरोबर सहापट, सगळं चोख. पण आपल्याकडे १३६६ बाय ७६८ चे लॅपटॉप घरोघरी आहेत. तिथे पट येते ४.२७ च्या आसपास. एक पिक्सेलची रेघ कधी चार पिक्सेल जाड, कधी पाच. कर्सर चालताना श्वास घेतल्यासारखा जाड-बारीक व्हायचा. शेवटी अशा पडद्यांवर बरोबर चौपट करून चारही बाजूंना काळी पट्टी सोडली. तालुक्याच्या कचेरीतल्या जुन्या मॉनिटरला ती शोभूनही दिसली.

*

मग मराठी आवृत्तीची वेळ आली. गोष्टच मराठी होती, कारकून मराठी, नोंदी मूळ मराठीत सुचलेल्या. शिवाय काळाशीही ते जुळत होतं. पुण्यात सी-डॅक १९८८ मध्ये सुरू झालं आणि ‘जिस्ट’ नावाचं जे तंत्र तिथे पुढे वाढलं, त्याच्या सुरुवातीच्या पूर्ण नावातच ‘इंडियन स्क्रिप्ट टर्मिनल’ हे शब्द होते. म्हणजे त्या काळात टर्मिनलवर देवनागरी ही काही आमची कविकल्पना नव्हती.

फॉन्ट बदलला, वाक्यं बदलली, गेम चालू केला. पडद्यावर ‘मिरज’ या शब्दाच्या जागी आधी म, मग पुढच्या चौकटीत ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली एकटी वेलांटी, मग र, मग ज. ते वर्तुळ तुम्ही पाहिलं असेल. ‘या मात्रेला मालक सापडत नाही’ असं कॉम्प्युटर सांगतो तेव्हा ते उमटतं. आमचा कोड एकेक चिन्ह उचलून एकेका चौकटीत ठेवत होता. रोमन लिपीला ते चालतं. देवनागरीत चिन्ह आणि अक्षर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

‘स्त्री’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला ते एक अक्षर आहे. युनिकोडमध्ये ती सहा चिन्हं आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. नेहमीच्या यूटीएफ-८ साठवणीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण १८ बाइट. आता कर्सरला किती जागा द्यायच्या? १९, ७ की २? कुठल्या तरी फॉर्मनं ‘नाव १६ बाइटांच्या आत’ अशी अट घातली तर दोन अक्षरांची प्रज्ञा त्यात मावत नाही, कारण तिला २१ बाइट लागतात. पाच चिन्हं बसतात, सहाव्याचा तुकडा पडतो आणि तिचं नाव ‘प्रज्’ एवढ्यावर तुटतं. वर शेवटी एक प्रश्नचिन्ह येतं.

क्रमाचीही गंमत आहे. ‘मि’ मध्ये वेलांटी दिसते आधी, पण साठवली जाते म च्या नंतर. ‘आर्द्रा’ मध्ये उलट: पहिला र साठवला जातो द च्या आधी आणि दिसतो रफार होऊन, अक्षराच्या डोक्यावर, पार उजवीकडे. एकाच शब्दात कुणी पुढे पळतंय, कुणी मागे. डावीकडून मोजत जाणाऱ्या सूत्राला इथे काही अर्थच उरत नाही.

तरी पहिला हट्ट चौकटीचाच होता. एका अक्षराला एक चौकट देऊ, रुंद अक्षराला दोन देऊ. चिनी-जपानी अक्षरं टर्मिनलमध्ये दोन चौकटी घेतातच की. चित्रकार मित्रानं दोन आठवडे खपून तसा फॉन्ट काढला. र ला पूर्ण चौकट मिळाल्यावर त्याची शिरोरेघ दोन्हीकडे लांब ताणावी लागली, त्यामुळे तो वाळत घातलेल्या कपड्यासारखा दिसायला लागला. क्ष आणि ज्ञ गुदमरले. ‘र्द्रा’ ला तीन चौकटी लागल्या आणि तरी तो अवघडूनच बसला. शिरोरेघ अखंड राहिली, पण शब्दाची लय गेली. देवनागरी ही चौकटीच्या वहीतली लिपी नाही, दुरेघीतली आहे. वरच्या रेघेला लटकून प्रत्येक अक्षर आपल्याला हवी तेवढी जागा घेतं.

याच सुमारास आमच्यात पहिल्यांदा तो पर्याय बोलला गेला: मराठी आवृत्तीत टाइप करणं काढून टाकू. खेळणाऱ्याला चार तयार वाक्यं दाखवू, त्यानं एकावर बोट ठेवावं. पैसे संपत आले होते आणि हा पर्याय आठ दिवसांत झाला असता. वाईटही दिसला नसता. शिवाय कुणी तक्रार केली नसती, कारण मराठीत हे असं असतं हे सगळ्यांनी मान्यच केलेलं असतं.

*

माझ्या आत्यानं मिरजेत बरीच वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. मराठी ३०, मराठी ४०, इंग्रजी ३०, इंग्रजी ४०. सकाळी सातपासून खडखडाट. कीबोर्डविषयी काही विचारायचं असेल तर मी तिलाच विचारतो. तिला अर्धवट झालेला मराठी गेम दाखवला आणि चार वाक्यांचा बेतही सांगितला.

“म्हणजे इंग्रजीवाल्यानं लिहायचं आणि मराठीवाल्यानं नुसतं बोट लावायचं?” ती म्हणाली. “अंगठेबहाद्दर केलंस की रे.”

मग तिनं टाइपरायटरचं सांगितलं. मराठी मशीनचं कॅरेजही प्रत्येक कळीला एकच पाऊल टाकायचं. पण काही कळा मुक्या असायच्या. त्या दाबल्या की कागदावर खूण उमटायची, कॅरेज हलायचं नाही. वरच्या मात्रा, उकार अशा कळांवर. बरीच अक्षरं अर्धी असायची, ती मारून पुढे काना जोडला की पूर्ण. ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, मग अक्षर, कारण कागदावर ती आधी दिसते. रफार अक्षरानंतर. थोडक्यात, मशीन दिसण्याच्या क्रमानं चालायचं आणि युनिकोड उच्चाराच्या क्रमानं चालतं. आत्याची बोटं आजही वेलांटी आधी मारतात आणि मग फोनवर वर्तुळ उमटलं की ती वैतागते.

मला तिच्या बोलण्यातून उपाय मिळाला असं म्हणणार नाही. एक गोष्ट मात्र कळली. मराठी अक्षरं चौकटीच्या मशीनमध्ये बसवण्याचं काम याआधीही कुणीतरी केलं होतं आणि दर वेळी मुली-मुलांच्या बोटांनी उरलेली तडजोड पाठ करून टाकली होती. आता तडजोड बोटांनी करायची गरज नव्हती. मशीनला पुरेशी अक्कल आली होती. ती आमच्या गेममध्ये आणायची होती, एवढंच.

ती अक्कल म्हणजे हार्फबझ नावाची मोफत लायब्ररी. नाव फारसी आहे, हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे खुलं. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स सगळीकडे तीच असते. तुम्ही हा लेख फोनवर वाचत असाल तर बहुधा तिनंच ही जोडाक्षरं जुळवली आहेत. तिला चिन्हांची रांग द्यायची. ती फॉन्टला विचारून आकारांची रांग परत देते: कुठला आकार, किती पिक्सेल पुढे सरकायचं आणि हा आकार मूळ रांगेतल्या कुठल्या चिन्हापासून आला. शेवटची माहिती सोन्यासारखी. ‘मि’ चे दोन आकार येतात, आधी वेलांटी मग म, पण दोघांवर शिक्का एकाच गठ्ठ्याचा.

मग कर्सरसाठी गुणाकार सोडला आणि बेरीज धरली. ओळ बदलली की एकदाच मोजायचं: पहिल्या अक्षराची उजवी कड कुठे, दुसऱ्याची कुठे, शेवटपर्यंत. ‘मिरज’साठी चार आकड्यांची यादी. कर्सर फक्त या चार जागांवर उभा राहू शकतो. क्लिक झालं की यादीतला सगळ्यात जवळचा आकडा शोधायचा. अक्षरं काढणाराही हीच यादी वापरतो, कर्सरही हीच. पाणवठा एक.

अक्षर कुठे संपतं हे ठरवायलाही नियम लागतो. युनिकोडच्या नियमांत बरीच वर्षं ‘स्त्री’चे तीन तुकडे पडत होते: स्, त्, री. बाणाची कळ दाबली तर कर्सर जोडाक्षराच्या पोटात जाऊन उभा राहील. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिकोड १५.१ आलं आणि त्यात हलन्तानं जोडलेली अक्षरं न तोडण्याचा नियम देवनागरीसह काही भारतीय लिप्यांसाठी आला. आम्ही तो घेतला. ‘दऱ्या’ मधला आपला खास अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो, दिसायला हुबेहूब सारखा आणि आत वेगळा. गेमनं विचारलेलं उत्तर आणि तुम्ही टाइप केलेलं उत्तर यांची तुलना करण्याआधी दोन्ही एका रूपात आणणं भाग होतं. नाहीतर बरोबर उत्तर लिहूनही कचेरीचं दार बंद राहिलं असतं.

बॅकस्पेसवर आम्ही तिघं दोन दिवस भांडलो. बाणानं अख्खं अक्षर ओलांडायचं यावर एकमत होतं. पण ‘स्त्री’ नंतर बॅकस्पेस दाबलं तर काय पुसायचं? एकदम सगळं, की फक्त वेलांटी? मैत्रीण म्हणाली, “मला स्त्रीचं स्त्रिया करायचं असेल तर एवढं मोठं जोडाक्षर परत कशाला लिहू?” तिचं बरोबर होतं. बॅकस्पेस म्हणजे शेवटची कळ मागे घेणं, म्हणून ते एक चिन्ह पुसतं. पुढचं पुसणारं डिलीट मात्र अख्खं अक्षर पुसतं, कारण पुढच्या अक्षराचं डोकं उडवून धड ठेवण्यात काही अर्थ नाही. बरेच चांगले एडिटर असंच करतात. का करतात ते भांडल्यावर कळलं.

*

एक गोष्ट तरी उरलीच होती आणि ती कोडमधली नव्हती. इंग्रजी आवृत्तीत कारकुनाचं एक कोडं होतं. त्याच्या नोंदीतल्या प्रत्येक ओळीचा पाचवा स्तंभ वरून खाली वाचला की एका गावाचं नाव निघायचं. मोनोस्पेसमध्ये ते डोळ्यांनी दिसतं, अक्षरं एकाखाली एक येतात. मराठीत अक्षरं आपापल्या रुंदीची झाल्यावर एकाखाली एक काहीच येत नव्हतं. स्तंभ ही गोष्टच शिल्लक राहिली नव्हती. कोडं काढून टाकावं लागेल असं मला वाटलं.

मैत्रीण दुसऱ्या दिवशी वहीत ओळी लिहून घेऊन आली. कारकुनाची नोंद तिनं अभंगाच्या घाटात बसवली होती. चार चरण: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं.

“पाचवा स्तंभ नाही ना? मग पाचवं अक्षर,” ती म्हणाली. “अभंगात अक्षरं मोजतातच.”

आपल्याकडे मोजण्याच्या दोन्ही पद्धती आधीपासून आहेत. मात्रा मोजायच्या तर लघूची एक, गुरूच्या दोन. अक्षरागणिक रुंदी बदलते. पण ओवी आणि अभंगाच्या छंदात प्रत्येक अक्षर एकच. ‘र’ असो की ‘स्त्री’ असो की ‘र्द्रा’, मोजताना एकच बोट मिटतं. कागदावर ते किती जागा घेतं याच्याशी काही देणंघेणं नाही. मोनोस्पेस ही गोष्ट मी इतके दिवस डोळ्यांची समजत होतो. इथे ती मोजणीची होती. आणि गंमत म्हणजे बोटं मिटणारा ज्याला एक अक्षर म्हणतो, आमची यादी त्यालाच कर्सरची एक उडी देत होती.

म्हणून आम्ही पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात कर्सरचा पत्ता दाखवायला सुरुवात केली. जुन्या टर्मिनलवर ‘ओळ ३, स्तंभ ५’ असा दिसतो तसा. मराठीत तिथे लिहिलंय ‘ओळ ३, अक्षर ५’. बाण दाबत जा, आकडा वाढत जातो, जोडाक्षरावरही एकानंच वाढतो. कोडं सोडवणाऱ्याला कळतं की हा पडदा अक्षरं आपल्यासारखीच मोजतोय.

मराठी आवृत्ती चार महिने उशिरा झाली. त्या काळात मी दुसऱ्यांच्या वेबसाइटची कामं करून भाडं भरलं आणि डेमो मागणाऱ्यांनी इंग्रजीवर समाधान मानलं. चार तयार वाक्यांचा पर्याय कुणी परत काढला नाही.

आत्यानं ते कोडं सोडवलं तेव्हा मी शेजारी होतो. ती पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघतच नव्हती. अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत होती, ओठ हलत होते. पाचव्या पेरावर थांबायची, मान वर करायची, बाणाची कळ पाच वेळा दाबायची आणि ठोकळा तिच्या अंगठ्याशी जुळतोय का ते बघायची. जुळत होता. तिसऱ्या चरणाला तिनं मोजणं थांबवून विचारलं, “अरे, यात मधे अक्षर राहिलं असेल तर घालता येतं का?”

“येतं की. बाणानं तिथे जा आणि लिही.”

तिनं कर्सर दोन अक्षरांच्या मधे नेला आणि लिहायला लागली.